दारांना नंबर देताना

वर्किंग ड्रॉइंग साइटवर जायला दोन दिवस उरलेले असतात आणि सहाव्या मजल्यावरच्या एका मोठ्या खोलीच्या दोन खोल्या करायचे ठरते. भिंत घालायला आणि दार बसवायला रेव्हिट या इमारतीचे मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरमध्ये दहा मिनिटे पुरतात. खरी मेहनत त्यानंतर सुरू होते. नवे दार मध्येच आल्यामुळे त्याच्या पुढच्या सगळ्या दारांचे नंबर एकेकाने सरकतात. मग ऑफिसातले कोणीतरी ज्युनियर रात्री बसून एक दार निवडते, मार्कच्या चौकटीत नवा आकडा लिहिते, पुढचे दार निवडते. शंभर दारांसाठी शंभर वेळा. कधीतरी एक नंबर दोन दारांना पडतो. रेव्हिट तसा इशारा देते, पण तो आधीच्या शेकडो इशाऱ्यांच्या ढिगात जातो आणि चूक सापडते ती साइटवर, चौकट बसवणाऱ्या सुताराला.

हे काम यंत्राने करावे म्हणून रेव्हिटच्या आतच एक साधन दिलेले आहे. मॅनेज या टॅबवर डायनामो नावाचे बटण असते. वर्षानुवर्षे रेव्हिट वापरणाऱ्या अनेकांनी ते कधी दाबलेले नसते, कारण प्रोग्रॅमिंग हा शब्द ऐकला की आर्किटेक्चरच्या माणसाला वाटते, हे आपले नव्हे. ही भीती घालवण्यासाठीच दृश्य प्रोग्रॅमिंग जन्माला आले. शाळेतली मुले स्क्रॅचमध्ये रंगीत ठोकळे जोडून मांजर चालवतात, तीच जातकुळी. स्क्रॅच एमआयटीमधून २००७ मध्ये आले. त्याच्याही आधी, १९८६ पासून, प्रयोगशाळांतले इंजिनीअर लॅबव्ह्यूमध्ये अशाच चौकटी तारांनी जोडत होते.

डायनामोची सुरुवात इयान कीओ यांनी २०११ च्या सुमारास केली. ब्युरो हॅपोल्ड या अभियांत्रिकी सल्लागार कंपनीत काम करताना रेव्हिटमध्ये जे हाताने करावे लागत होते, त्याला पर्याय म्हणून त्यांनी ते लिहिले आणि सगळ्यांसाठी खुले ठेवले. पुढे रेव्हिट बनवणाऱ्या ऑटोडेस्कने ते आपलेसे केले, पण त्याचा मूळ कोड आजही मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे. रेव्हिट २०२० पासून ते वेगळे बसवावे लागत नाही. दुसरीकडे राइनो हे त्रिमितीय मॉडेलिंगचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी डेव्हिड रुटेन यांनी २००७ मध्ये जे साधन आणले, ते आज ग्रासहॉपर नावाने ओळखले जाते. वक्र छपरे आणि वळणदार दर्शनी भाग करणाऱ्यांचे ते लाडके. दोन्हींची विचारपद्धत एकच आहे, त्यामुळे एक शिकले की दुसऱ्याची भीती उरत नाही. मी इथे डायनामोबद्दल लिहितो आहे, कारण आपल्याकडच्या बऱ्याच ऑफिसांत रोजचे काम रेव्हिटमध्ये चालते आणि कंटाळवाण्या कामांचा साठाही तिथेच असतो.

आता तयारी. परवान्यापासून सुरुवात करू, कारण उत्साही माणूस इथेच पहिल्यांदा अडतो. रेव्हिट फक्त विंडोजवर चालते. रेव्हिट एलटी ही स्वस्त आवृत्ती घेतलेली असेल तर तिच्यात डायनामो नाही, तेव्हा बटण शोधत बसू नये. विद्यार्थी आणि शिक्षक यांना ऑटोडेस्क पूर्ण रेव्हिट विनामूल्य वापरू देते, दर वर्षी पात्रता दाखवून ते वाढवून घ्यावे लागते. धंद्याच्या कामासाठी मात्र ते वापरता येत नाही. डायनामो सँडबॉक्स नावाची सुटी आवृत्तीही फुकट मिळते. तिच्यात खोल्या आणि दारे नसतात, पण याद्यांचा सराव करायला ती पुरते. ज्यांच्याकडे यातले काहीच नाही त्यांनी ब्लेंडर घ्यावे. ते पूर्ण मोफत आहे आणि २०२१ पासून त्यात जॉमेट्री नोड्स ही अशीच चौकटी जोडायची सोय आली आहे. तिथे शिकलेले वाया जात नाही.

आवृत्ती कोणती, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. रेव्हिटची फाइल नव्या आवृत्तीत एकदा उघडून जतन केली की ती जुन्या आवृत्तीत उघडत नाही. डायनामोही रेव्हिटशी बांधलेले असते. रेव्हिट २०२२ सोबत डायनामो २.१० येते, २०२४ सोबत २.१७, २०२५ सोबत ३.०. म्हणून घरी सराव करतानाही ऑफिसात जी आवृत्ती आहे तीच ठेवावी. नाहीतर रविवारी जमलेला ग्राफ, म्हणजे जोडलेल्या चौकटींची मांडणी, सोमवारी ऑफिसच्या संगणकावर लाल-पिवळा होऊन पडतो आणि शिकणाऱ्याला वाटते, आपलेच चुकले.

यंत्राबद्दल फार सांगायचे नाही. १६ जीबी मेमरी हवी. चाक असलेला माउस मात्र हवाच. डायनामोच्या कागदावर चाक दाबून सरकावे लागते आणि फिरवून जवळ-दूर जावे लागते. लॅपटॉपच्या टचपॅडवर हे करणाऱ्याचा पहिल्याच दिवशी हिरमोड होतो. दुसरा पडदा मिळाला तर एकावर ग्राफ, एकावर मॉडेल. काय केल्याने काय हलले, हे डोळ्यांना एकदम दिसते.

पण ही सगळी तयारी संगणकाची झाली. माझ्या अनुभवात शिकणारे अडतात ते दुसऱ्याच ठिकाणी. ते डायनामो उघडतात, शेकडो नोडची, म्हणजे जोडायच्या चौकटींची, यादी पाहतात आणि यातले काय घ्यावे ते कळत नाही म्हणून एखादा व्हिडिओ लावून त्यातला पिळदार टॉवर बनवतात. टॉवर बनतो, संध्याकाळ छान जाते, दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याचा काही उपयोग नसतो. आठवड्याभरात डायनामो सुटते. म्हणून माझा आग्रह असा की डायनामो उघडण्याआधी एक कागद घ्यावा आणि आपल्याला सर्वांत कंटाळा आणणारे एक काम आपल्या भाषेत, साध्या वाक्यांत लिहावे. दारांचे काम लिहून बघा: ‘सहाव्या मजल्यावरची सगळी दारे घे. जिन्यापासून सुरुवात करून पॅसेजमधून जाताना जी जशी लागतील तशी ती क्रमाने लाव. पहिल्याला ६०१, दुसऱ्याला ६०२, असे नंबर दे. ते मार्कमध्ये लिही.’

चार वाक्ये झाली आणि ग्राफचा सांगाडा तयार झाला. प्रत्येक वाक्य म्हणजे दोन-तीन नोड. नोड म्हणजे एकच काम करणारी चौकट. डावीकडून तिच्यात माहिती येते, उजवीकडून निकाल बाहेर पडतो, आणि तो वायरने पुढच्या चौकटीत जातो. डायनामो वर्षानुवर्षे वापरणारेसुद्धा कागदावरचे हे वाक्य सोडत नाहीत. मी तर ग्राफमधल्या गटांना मराठीतच शीर्षके देतो. ‘सहाव्या मजल्यावरची दारे’ असे वर लिहिलेले असले की सहा महिन्यांनी फाइल उघडणाऱ्याला, म्हणजे बहुतेक वेळा मलाच, कोडे सोडवावे लागत नाही. नोडांची नावे इंग्रजीतच राहतात, पण शीर्षके आणि टिपा देवनागरीत लिहायला काहीच अडचण येत नाही.

आता त्या वाक्यांच्या आत शिरू. ‘सगळी दारे घे’ यासाठी एक प्रकार निवडणारा नोड आणि त्या प्रकारच्या सगळ्या वस्तू गोळा करणारा नोड पुरतो. निकाल पाहायला पुढे वॉच नावाचा नोड लावायचा. ही सवय पहिल्या दिवसापासून लावावी: दर टप्प्याला वॉच. कारण इथेच पहिला धडा मिळतो. आपण मनात धरलेली दारे सहाव्या मजल्यावरची, पण यादीत अख्ख्या इमारतीची दारे आलेली असतात. ‘सगळी’ म्हटल्यावर यंत्राने खरोखरच सगळी आणली. खोल्या गोळा केल्या तर आणखी गंमत दिसते. मॉडेलमधून काढून टाकलेल्या, पण शेड्यूलमध्ये, म्हणजे रेव्हिटच्या कोष्टकात, रेंगाळलेल्या खोल्याही यादीत येतात, त्यांचे क्षेत्रफळ शून्य. त्या गाळल्याशिवाय पुढे गेले की हिशेब बिघडतो.

यादी, म्हणजे लिस्ट, हा डायनामोचा गाभा आहे आणि इथे घाई करू नये. एक उदाहरण घेतो, ते कोऱ्या फाइलमध्ये अर्ध्या तासात करून पाहता येईल. खांबांची जाळी मांडायची आहे. आडव्या दिशेला चार-चार मीटरवर पाच रेषा, म्हणजे ०, ४०००, ८०००, १२०००, १६००० मिलिमीटर. उभ्या दिशेला साडेतीन मीटरवर चार रेषा: ०, ३५००, ७०००, १०५००. रिकाम्या जागेवर दोनदा क्लिक केले की कोड ब्लॉक उघडतो. त्यात ०..१६०००..४००० असे इंग्रजी अंकांत लिहिले की पहिली यादी तयार. ही छोटी भाषा डिझाइनस्क्रिप्ट, रॉबर्ट एश यांची. दोन्ही याद्या बिंदू बनवणाऱ्या नोडला जोडा. जाळीत वीस बिंदू हवेत. मिळतात चार, आणि तेही एका तिरक्या रेषेत.

असे का झाले? नोडने पहिल्याची जोडी पहिल्याशी लावली, दुसऱ्याची दुसऱ्याशी, आणि लहान यादी संपल्यावर थांबला. नोडवर उजवे क्लिक करून लेसिंग, म्हणजे जोड्या लावण्याची ही पद्धत, बदलता येते. ‘लाँगेस्ट’ केले की पाच बिंदू होतात. पाचव्याला जोडीदार उरलेला नसतो, म्हणून लहान यादीतला शेवटचा आकडा पुन्हा वापरला जातो आणि तो बिंदू तिरकी रेषा सोडून बाजूला जातो. ‘क्रॉस प्रॉडक्ट’ केले की प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी लागते आणि वीसच्या वीस बिंदू जाळीत उभे राहतात. मात्र आता ते एका सरळ यादीत नसतात. पाच पोटयाद्या, प्रत्येकीत चार बिंदू. डब्यात डबे ठेवावेत तसे. पुढच्या नोडला सांगावे लागते की तू बाहेरच्या डब्यावर काम करायचे आहेस की आतल्या प्रत्येक वस्तूवर. त्यासाठी लेव्हल नावाची सोय आहे, आणि नवशिक्यांची बहुतेक कोडी ‘मी कोणत्या डब्यात आहे’ या एका प्रश्नाने सुटतात. हा खांबांचा खेळ तीनही प्रकारे स्वतः करून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे मला कळकळीने वाटते. मी शिकवायला बसतो तेव्हा पहिला पूर्ण दिवस यालाच देतो.

दारांकडे परत येऊ. सहाव्या मजल्यावरची दारे गाळून घेतली तरी ती यादीत ज्या क्रमाने येतात त्याचा आपल्या चालण्याच्या क्रमाशी काही संबंध नसतो. त्यांना क्रम द्यायचा तर सुचणारा पहिला उपाय म्हणजे जागेनुसार लावणे: डावीकडून उजवीकडे, खालून वर. प्रत्येक दाराचा बिंदू मिळतो, त्याचे आडवे-उभे आकडे मिळतात, त्यावर क्रम लावता येतो. पण एकाच ओळीत दिसणारी दोन दारे प्रत्यक्षात पाच मिलिमीटरने पुढेमागे असतात आणि तेवढ्याने क्रम उलटतो. आकडे आधी जवळच्या मीटरला पूर्णांकित केले तर थोडे सावरते. इमारत तिरकी असली, पॅसेज वळला, की तेही कोसळते.

याला एक सुंदर उपाय आहे आणि तो पोस्टमनच्या फेरीसारखा आहे. प्लॅनमध्ये एक मोकळी वक्र रेषा काढायची. जिन्यापाशी सुरू होणारी, पॅसेजमधून प्रत्येक दाराजवळून जाणारी, आपल्याला हव्या त्या शेवटच्या दारापाशी संपणारी. डायनामोमध्ये ती रेषा निवडायची. मग प्रत्येक दारासाठी त्या रेषेवरचा सर्वांत जवळचा बिंदू शोधायचा आणि तो रेषेवर कुठे येतो ते विचारायचे. उत्तर शून्य ते एकच्या दरम्यानचा आकडा असते, सुरुवातीला शून्य, शेवटी एक. त्या आकड्यावर दारे क्रमाने लावली की आपली चाल यंत्राला समजली. रेषा पॅसेजच्या मधोमध काढली तर डाव्या-उजव्या दारांना आळीपाळीने नंबर पडतात. आधी एक बाजू संपवून परत येताना दुसरी घ्यायची असेल तर रेषा तशी जाऊन-येऊन काढायची. फक्त ती दारांना बिलगून जायला हवी. लांबून गेली तर जाणाऱ्या बाजूच्या दाराला येणारी बाजू जवळची वाटते आणि क्रम उडी मारतो.

मला हा उपाय फार आवडतो, कारण यात आर्किटेक्टचे हात आणि यंत्राचा हिशेब दोन्ही आपापल्या जागी आहेत. इमारतीत माणूस कसा चालेल हे रेषा काढणाऱ्यालाच ठाऊक असते.

नंबर लिहिताना शेवटची ठेच लागते. मार्क हा रकाना मजकुराचा आहे, आकड्याचा नाही. ६०१ हा आकडा आधी मजकुरात बदलावा लागतो, तो बदलणारा नोड आहे. आणि मजकूर म्हणून पाहिले की ‘१०’ हे ‘२’ च्या आधी येते, कारण तुलना पहिल्या अक्षरापासून होते. शेड्यूलमध्ये दारे उलटसुलट दिसू लागली तर कारण हेच असते. ‘०२’ असे लिहिले की प्रश्न मिटतो.

एककांबद्दल एक सावधगिरी. रेव्हिट आतल्या आत सगळ्या लांब्या फुटांत ठेवते. डायनामोचे नेहमीचे नोड प्रकल्पाच्या एककात आकडे देतात, पण पुढे कधी पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेचा नोड घेऊन थेट रेव्हिटच्या आत हात घातला की तीन मीटर उंचीचे ९.८४ होते. आपल्याकडे रेखाटन मिलिमीटरमध्ये आणि विक्री चौरस फुटांत, त्यामुळे आपण तर दुहेरी सावध राहायला हवे.

त्यावरून आठवते ते कार्पेट एरियाचे काम. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गृहप्रकल्पात हे कोष्टक लागते, आणि नवशिका ग्राफसाठी लगेच तेच निवडतो: फ्लॅटमधल्या खोल्यांची क्षेत्रफळे घे, बेरीज कर, १०.७६४ ने गुण. ग्राफ न चुकता चालतो, उत्तर मात्र चुकीचे येते. २०१६ च्या रेरा कायद्यातल्या व्याख्येत बाहेरच्या भिंती, सर्व्हिस शाफ्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची वगळलेली आहे, पण फ्लॅटच्या आतल्या पार्टिशन भिंती धरलेल्या आहेत. रेव्हिटमधली खोली साधारणपणे भिंतीच्या पृष्ठभागाशी थांबते, म्हणून खोल्यांच्या बेरजेत आतल्या भिंती येतच नाहीत. आतल्या भिंती एकूण १२ मीटर लांब आणि १५० मिलिमीटर जाड असल्या तर १.८ चौरस मीटर, म्हणजे १९ चौरस फुटांहून जास्त जागा हिशेबातून गळते. उपाय असा की एरिया प्लॅन करायचा, बाहेरच्या भिंतींच्या आतल्या कडेने सीमा काढायची, शाफ्ट आणि बाल्कनी वेगळी ठेवायची आणि डायनामोला खोल्यांऐवजी ते एरिया वाचायला लावायचे. कागदावरच्या वाक्याचे महत्त्व इथे पुन्हा पटते. ‘खोल्यांची बेरीज कर’ असे लिहिताना थांबून कायद्याची व्याख्या शेजारी ठेवली असती तर चूक तिथेच दिसली असती.

सुरक्षिततेचे थोडे. सराव कधीही चालू प्रकल्पाच्या फाइलवर करू नये. मॉडेल अनेकांमध्ये वाटलेले असेल तर ते मध्यवर्ती फाइलपासून डिटॅच करून उघडावे, आणि त्यातही दोन-चार खोल्यांची लहान फाइल असेल तर उत्तम. डायनामोच्या खिडकीत खाली डाव्या कोपऱ्यात ग्राफ कसा चालवायचा ते ठरवता येते. ते ऑटोमॅटिकवर असेल तर वायर जोडताच बदल होऊ लागतात, म्हणून आधी मॅन्युअल करावे. लिहिणारा शेवटचा नोड फ्रीझ करून ठेवावा, वॉचमधली यादी नीट वाचावी, मगच तो मोकळा करावा. ग्राफने नव्या वस्तू बनवल्या असतील तर तो पुन्हा चालवल्यावर त्या वस्तू दुप्पट होत नाहीत. ग्राफ आपल्या आधीच्या वस्तू ओळखतो आणि त्याच बदलतो. हे ठाऊक नसलेला माणूस काल मांडलेले खांब आज सरकलेले पाहून घाबरतो.

पॅकेजेसचा मोह सुरुवातीला टाळावा. जगभरातल्या लोकांनी बनवलेले जादा नोड पॅकेज मॅनेजरमधून फुकट मिळतात. क्लॉकवर्क, र्‍हिदम, डेटा-शेप्स ही त्यातली नावाजलेली. ती उपयोगी आहेतच, मीही वापरतो. पण ग्राफ दुसऱ्याच्या संगणकावर गेला आणि तिथे ते पॅकेज नसले की नोड ओळखू येत नाहीत. रेव्हिट २०२५ ने आतला पाया बदलून डॉटनेट ८ घेतला तेव्हा अनेक पॅकेजांना नवे रूप यावे लागले. जे मूळ नोडांनी होते ते त्यांनीच करावे. पायथॉनही तसेच, गरज पडेल तेव्हा. शिकण्याचे साहित्य म्हणून डायनामो प्रायमर हे मोफत ऑनलाइन पुस्तक पुरेसे आहे. त्याची इंग्रजी सोपी आहे आणि यादीवरची प्रकरणे हाताने करत वाचावीत.

ग्राफ तयार झाला की तो डायनामो प्लेयरमध्ये ठेवता येतो. मग वायरींकडे न पाहताही कोणालाही तो चालवता येतो, बाहेर फक्त मजल्याचे नाव आणि सुरुवातीचा नंबर विचारला जातो. सहाव्या मजल्यावर पुन्हा एखाद्या खोलीच्या दोन झाल्या, तर ज्युनियरने नवे दार बसवायचे, पॅसेजमधली वक्र रेषा त्या दाराजवळून जाईल एवढी ओढायची, प्लेयरचे बटण दाबायचे, आणि नवे शेड्यूल सुताराला संध्याकाळच्या आत पाठवायचे.